लॉकडाऊनमधली वही : "कार्ड गावाला आहे"

गव्हाण | २३ मार्च २०२५, रात्री १०:४०

माळा आवरताना दोनशे पानी वही सापडली. पुठ्ठ्यावर पोराचं नाव, 'इयत्ता ६ वी, गणित'. गणित चारच पानं. पाचव्या पानापासून माझं आणि आमच्या बँकवाल्या काकांचं अक्षर. २८ मार्च २०२० पासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. भोसरी, मोशी, चऱ्होली या पट्ट्यात आम्ही किराणा किट वाटत होतो, त्याची ही यादी.

आम्ही म्हणजे संस्था वगैरे काही नाही. सोसायटीतले चौघं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि भाजीच्या पासवर फिरणारा एक छोटा हत्तीवाला. २४ मार्चला रात्री आठला टीव्हीवर घोषणा झाली आणि बाराला देश बंद. तिसऱ्या दिवशी आमच्या गेटच्या पलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांमधून माणसं येऊन वॉचमनला विचारायला लागली, तिथून सुरुवात झाली. पाच किलो आटा, तीन किलो तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, साखर, मीठ, हळद-तिखट, चहा पावडर, दोन साबण. एका पिशवीला साधारण सहाशे रुपये पडत.

वहीत आधी चार रकाने होते: नाव, माणसं किती, मूळ गाव, खोली कुठं. पाचवा काकांनी वाढवला, 'रेशनकार्ड'. बँकवाला माणूस, त्याला कागद लागतोच. मी चिडलो होतो, भुकेल्या माणसाला कार्ड काय विचारता म्हणून. आज तोच रकाना वाचत बसलोय. पानामागून पान एकच उत्तर आहे: 'गावाला'. गोंडा, गावाला. मालदा, गावाला. छपरा, गावाला. आणि त्यांच्यामध्येच जिंतूर, अहमदपूर, किनवट, गावाला. 'परप्रांतीय' मजुरांच्या बातम्या बघून आम्ही हिंदीत बोलायची तयारी करून गेलो होतो, आणि प्रत्येक पानावर परभणी-नांदेड-लातूरची निम्मी माणसं. त्यांचं कोणी नाव घेत नव्हतं, कारण ती 'आपली'च.

दोन गोष्टी त्या वहीतल्या.

पहिल्या आठवड्यात एका खोलीत पिशवी ठेवली तर आतल्या बाई म्हणाल्या, "चावल तो दे दिया भैया, पकाएँ किस पे?" त्यांच्याकडे पाच किलोची छोटी टाकी. नाक्यावरच्या दुकानातून किलोकिलोनं गॅस भरून घ्यायचा (तो धंदा बेकायदा, म्हणून ते दुकान पहिल्या दिवसापासून बंद). शेजारच्या सहा खोल्यांची तीच गत. आम्ही तोवर सत्तर पिशव्या वाटून आलो होतो, आणि एकालाही विचारलं नव्हतं की चूल पेटते का. पुढच्या फेरीपासून चुरमुरे, फुटाणे, गूळ-शेंगदाणे, बिस्किटं घातली. आणि मोबाईलचं रिचार्ज. रिचार्ज ऐकून देणगीदार एकजण भडकला होता, "उपाशी आहेत आणि रिचार्ज कसले मागतात?" घरी आई जिवंत आहे का हे कळायला दुसरा मार्ग नव्हता त्यांच्याकडे.

दुसरी गोष्ट माझ्याबद्दल आहे. एप्रिलमध्ये एका ओळखीच्या कंपनीवाल्यानं शंभर पिशव्या दिल्या. अट एवढीच, घेणाऱ्याचा पिशवीसह फोटो. सेंट्रिंगचं काम करणारा परभणीकडचा एक माणूस, असेल पस्तिशीचा. मी मोबाईल वर केला तसं त्यानं तोंड फिरवलं. म्हणाला, "सायेब, फोटो नगा काढू. भावकीत दिसला तर लई बोलतेत." मी त्याला समजावलं. शांतपणे, दोन मिनिटं. दात्यांचा हिशेब, पारदर्शकता, सगळं. तो ऐकून घेऊन आत गेला आणि दार लावलं. वहीत त्याच्या ओळीपुढं माझ्या अक्षरात 'नको म्हणाला' असं लिहिलंय. काय नको म्हणाला ते लिहिलेलं नाही.

आता खरी बोच. परवा आमच्या वॉचमनच्या ई-केवायसीसाठी (कार्डावरच्या माणसाची आधारवरून ओळख पटवणं) रेशन दुकानात गेलो होतो. दुकानदार सहज बोलता बोलता म्हणाला, महाराष्ट्रातलं कार्ड महाराष्ट्रात कुठंही चालतं, करोनाच्या आधीपासून चालतं. नुसता बारा अंकी नंबर आणि अंगठा. म्हणजे त्या परभणीच्या माणसाचं कार्ड गावाला असलं तरी त्याचा माणशी पाच किलोचा हक्क भोसरीतच, आमच्या गेटपासून चारशे मीटरवर पडून होता. मला माहीत नव्हतं. त्याला माहीत नव्हतं. आम्ही अडीच महिने रोज 'कार्ड कुठंय' विचारत होतो आणि 'गावाला' ऐकून पुढची ओळ लिहीत होतो. गावाला फोन लावून नंबर विचार, एवढं एक वाक्य आमच्यापैकी कुणाच्या तोंडातून निघालं नाही.

तेव्हा वाटप केलेल्यांनी, रांगेत उभं राहिलेल्यांनीही, लिहा.

---

तिन्हीसांज | रात्री ११:०५

वाचताना आवंढा आला. वहीचं एखादं पान फोटो काढून टाकता येईल का? पुढच्यांसाठी दस्तावेज राहील.

गव्हाण | रात्री ११:१२

नाही टाकणार. नावं, नंबर आहेत. एकदा मोबाईल वर करून झालाय.

---

सरळरेषा | २४ मार्च, सकाळी ८:२०

नेहमीप्रमाणे विरोधी सूर लावतो, राग नसावा.

हे स्वतःला चाबूक मारून घेणं मला पटत नाही. त्या अडीच महिन्यांत तुमच्या पिशवीनं चुली पेटल्या. (नाही पेटल्या, तिथं चुरमुरे गेले.) 'दान नको, हक्क हवा' हे वाक्य घोषणेत छान वाटतं, पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोटात काय घालायचं, हक्क? आणि सरकारनं काहीच केलं नाही हेही खोटं. ऐंशी कोटी लोकांना माणशी पाच किलो धान्य फुकट, ते डिसेंबर २०२२ पर्यंत चाललं आणि आता नेहमीचं रेशनच मोफत आहे. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपये केली ती मार्च २०२० मध्येच. जगात किती देशांनी एवढं धान्य पोचवलं?

फोटोबद्दलही थोडं. माझ्या ऑफिसात वर्गणी निघाली होती, साडेतीन लाख. ज्यांना दिले त्यांच्याकडून ना फोटो, ना बिल, ना फोन. हिशेब मागणं म्हणजे अपमान नव्हे.

गव्हाण | सकाळी ९:०२

राग कसला. हिशेब मागावाच. पण हिशेब दुकानदाराच्या बिलाचा असतो, घेणाऱ्याच्या चेहऱ्याचा नव्हे. बिलं माझ्याकडे होती. तरी मी मोबाईल वर केला, कारण ते सोपं होतं.

ऐंशी कोटींचं म्हणाल तर मान्य. पण ते ऐंशी कोटी म्हणजे ज्यांची नावं आधीच यादीत होती ते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचा राज्यांचा कोटा २०११ च्या जनगणनेवर ठरलेला आहे. महाराष्ट्राचा साधारण सात कोटी. त्यानंतर जन्मलेलं, लग्न होऊन आलेलं, वेगळं निघालेलं माणूस यादीत घुसायचं तर कुणीतरी बाहेर पडावं लागतं. शहरात वर्षाला ५९ हजारांच्या आत उत्पन्न असेल तरच 'प्राधान्य कुटुंब', म्हणजे या यादीत जागा. महिना पाच हजाराच्या आत पुण्यात कोण जगतं, सांगा.

---

काटा_तराजू | दुपारी १:४५

धागा बघून राहवलं नाही. आमचं रेशन दुकान आहे, म्हणजे बाबांचं. तेव्हा मी कॉलेजात होतो, कॉलेज बंद म्हणून पूर्णवेळ काट्यावर. त्या काळात आम्हाला लोकांनी चोर सोडून काही म्हटलं नाही, म्हणून पलीकडची बाजू लिहितो.

एप्रिल २०२०. टीव्हीवर सांगितलं मोफत. लोक पिशव्या घेऊन हजर. पण नियम असा की आधी नेहमीचं धान्य विकत घ्यायचं (गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो) आणि त्यानंतर मोफतचा तांदूळ, तोही त्याचा साठा दुकानात आल्यावर. म्हणजे एकाच माणसाला दोन चकरा, दोन पावत्या. "पैसे कशाचे घेता? मोदींनी फुकट दिलंय" हे वाक्य मी दिवसातून शंभरदा ऐकलं असेल. मग केशरी कार्डवाले आले. ज्यांना वर्षानुवर्षं रेशन नव्हतं त्यांना मे-जूनसाठी गहू आठ, तांदूळ बारा रुपयांनी, माणशी तीन किलो गहू, दोन किलो तांदूळ. तीन प्रकारची माणसं, तीन दर, एक रांग. बाबांनी चुन्यानं गोल आखले होते. दुसऱ्या दिवशी पावसानं गेले.

अंगठ्यानं करोना पसरेल म्हणून ग्राहकाचा अंगठा बंद करून दुकानदाराच्या अंगठ्यावर वाटप सुरू झालं. बाबा दिवसभर स्वतःचा अंगठा लावत. यात ज्यांना खायचं होतं त्यांनी खाल्लं, मी नाकारत नाही. पण क्विंटलमागे तेव्हाच्या दीडशे रुपये कमिशनमध्ये दुकान, काटा, हमाल आणि पोत्यामागची घट भरून दाखवा, मग बोलू.

आता गव्हाणदादा, तुमच्या मूळ मुद्द्यावर. पोर्टेबिलिटी (कार्ड कुठल्याही दुकानात चालणं) होती, खरंय. पण आमच्या बाबांनी पोर्टेबिलिटीवाल्याला त्या वेळी "पुढच्या महिन्यात या" सांगितलं असतं, हेही तितकंच खरं. कारण आम्हाला माल येतो तो आमच्याकडे जोडलेल्या कार्डांच्या हिशेबानं. बाहेरच्या पन्नास जणांना दिला तर आमच्या पन्नास जणांना कमी पडणार, आणि ते दगड घेऊन येणार. जास्तीचा माल नंतर मिळतो, पण 'नंतर'. शिवाय गावाला म्हातारी असेल आणि तिनं त्या महिन्याचं सगळं धान्य आधीच उचललं असेल तर मशीनवर शिल्लक शून्य. तेव्हा तुम्ही ते वाक्य बोलला असता तरी काम झालंच असतं असं नाही. मनाला लावून घेऊ नका. नंबर मात्र विचारायला हवा होता.

गव्हाण | दुपारी २:१०

हे कुणीतरी पाच वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. दोन-तीनदा वाचला प्रतिसाद.

परराज्यातल्यांचं तर याहून अवघड. महाराष्ट्र-गुजरात रेशनकार्डांची जोडणी ऑगस्ट २०१९ मध्येच झाली होती, पण उत्तर प्रदेश-बिहार मे २०२० मध्ये आले, बंगाल २०२१ मध्ये. म्हणजे मालद्याच्या पोरांना नंबर पाठ असता तरी उपयोग नव्हता. मे महिन्याच्या मध्यावर केंद्रानं कार्ड नसलेल्या आठ कोटी स्थलांतरितांना दोन महिने धान्य जाहीर केलं. तोवर माझ्या वहीतल्या मालद्याच्या ओळींवर काट मारलेली आहे. गेले.

---

पाटवडी | दुपारी ४:३०

मी वाटप केलं नाही, रांगेतही नव्हते. मी त्या तिसऱ्या गटातली, ज्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

आमच्या सोसायटीनं कामवाल्या मावशींना गेटवरच थांबवलं. पगार द्यावा असा मेसेज ग्रुपवर फिरला, सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले. मी मार्चचा पूर्ण दिला, एप्रिलचा अर्धा, मेचा नाही. आमचा पगार कापला होता असं मी स्वतःला सांगत होते. कापला होता वीस टक्के. मावशीचा मी शंभर टक्के कापला. जूनमध्ये ती परत आली तेव्हा काही बोलली नाही, फक्त चहा घेतला नाही. आठवडाभर.

दुसऱ्या लाटेत राज्य सरकारनं घरेलू कामगारांना पंधराशे रुपये जाहीर केले, तेव्हा मी मोठ्या उत्साहानं तिला सांगायला गेले. त्यात शब्द होता 'नोंदणीकृत'. आमची मावशी एकवीस वर्षं भांडी घासते, नोंदणी कुठं करतात हे तिला आणि मला दोघींनाही माहीत नव्हतं.

सरळरेषा | दुपारी ४:५१

प्रतिसाद आवडला. एवढं खरं लिहायला धाडस लागतं. आमच्याकडेही वेगळं काही नव्हतं.

खडीवाला | संध्याकाळी ५:१५

बांधकाम मजुरांचंही तेच. त्यांच्या कल्याण मंडळाकडे उपकराचे पैसे पडून होते, एप्रिल २०२० मध्ये नोंदीत मजुरांच्या खात्यावर दोन हजार आले. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो देणार ठेकेदार किंवा ग्रामसेवक. ठेकेदार दाखला देईल तर त्याचं नाव कागदावर येईल, मग तो कशाला देतो? मी स्वतः साइट सुपरवायझर होतो. माझ्या हाताखाली साठ माणसं, नोंदलेली चार.

---

वाढं_आणि_बैल | रात्री ९:२०

बीड जिल्ह्यातून. शिक्षक आहे, गावातली निम्मी घरं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात.

सगळी चर्चा शहराची चालली आहे म्हणून लिहितो. लॉकडाऊन लागला तेव्हा आमची माणसं कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात उसाच्या फडावर. सव्वा लाखाच्या वर ऊसतोड कामगार अडकले होते. कारखाना चालू होता तोवर गाडी भरत होते, मास्क कुठला आणि अंतर कुठलं. एकेका कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि मग खरी पंचाईत. तोड बंद म्हणजे बैलांना वाढं (उसाचे हिरवे शेंडे) नाही. माणसाला कुणी पिशवी आणून देईल हो, बैलाला काय? फोनवर लोक मला जेवणाचं सांगतच नव्हते, "गुरुजी, बैलं बसाय लागली" म्हणायचे. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटलेली नसायची, मुकादम फोन उचलायचा नाही.

१७ एप्रिलला परवानगी आली. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या, कोपीचं (झोपडीचं) सामान, पोरंबाळं घेऊन आली. आणि आमच्याच गावानं वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. त्यात माझाही हात होता, ग्रामपंचायतीच्या बैठकीला मी होतो. अठ्ठावीस दिवस शेतात राहा म्हणून सांगितलं. शेत ज्याला आहे तो शेतात राहिला. ज्याला नाही, तो शाळेच्या मैदानावर, उन्हात. त्यांच्यासाठी गावातून भाकरी गोळा झाल्या, घराघरातून चार-चार. भाकरी पोचवायला मीच जायचो आणि काटीच्या अलीकडून टोपली सरकवायचो.

त्यांची कार्डं गावातच होती बरं का गव्हाण. सहा महिने माणूस फडावर, कार्ड गावात. तुमच्या रकान्यात लिहायचं झालं तर आमच्याकडं उलट: कार्ड आहे, माणूस बाहेर.

जालनारोड | रात्री ९:५८

८ मे २०२०, पहाट. करमाडजवळ सटाणा शिवारात रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या लोखंड कारखान्यातले, मध्य प्रदेशातल्या शहडोल-उमरियाकडचे. रुळांवर पडलेल्या पोळ्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. माझं घर तिथून दहा-बारा किलोमीटरवर. आदल्या संध्याकाळी आम्ही हमरस्त्यावर पाणी आणि केळी वाटत होतो. पोलिसांच्या भीतीनं लोक रस्ता सोडून रुळांनी चालतात हे आम्हाला ठाऊक होतं. तरी उभे राहिलो रस्त्यावरच, कारण तिथं गाडी लावता येत होती.

---

हडसनकाठ | २५ मार्च, पहाटे ४:१०

न्यू जर्सीतून. आम्ही पैसे पाठवणारे. हो, फोटो आम्हीच मागायचो. इथं वर्गणी गोळा करताना 'हे बघा' म्हणून दाखवायला काहीतरी लागतं, नाहीतर दुसऱ्या महिन्यात पाकीट आटतं. ते फोटो आमच्या ग्रुपवर अजून आहेत. आज पुन्हा पाहिले. एकही माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, सगळे पिशवीकडे बघतायत.

पण एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. पहिल्या लाटेत आम्ही पैसे पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेला पाठवायचो, ती पुढं वाडी-वस्तीवरच्या छोट्या गटांना द्यायची, कारण छोट्यांकडे परदेशी निधीचा परवाना नसतो. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी निधीचा कायदा बदलला. एका संस्थेनं दुसरीला परदेशी पैसा द्यायचा नाही, प्रशासकीय खर्च पन्नासऐवजी वीस टक्के, आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या एकाच शाखेतल्या खात्यात. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली तेव्हा इथं लोक अक्षरशः ओरडत होते, किती पैसे पाठवू सांगा. आणि तिकडची छोटी माणसं, ज्यांना कुठल्या घरात ऑक्सिजन हवाय हे ठाऊक होतं, ती घेऊ शकत नव्हती. शेवटी आम्ही नातेवाइकांच्या खात्यात टाकून काय ते केलं. काकाला पाठवले, काकानं वाटले. हा काय मार्ग झाला?

सरळरेषा | सकाळी ८:४०

परदेशी पैशावर नजर ठेवायलाच हवी, त्यात गैर काय? धर्मांतरापासून काय काय चालायचं. वेळ चुकली एवढं मान्य करतो.

हडसनकाठ | सकाळी ८:५५

नजर ठेवा हो. आम्ही दोनशे ऑक्सिमीटरवर काय धर्मांतर करणार.

---

जुनी_पेठ | सकाळी ११:३०

थोडं मागचं, अवांतर वाटलं तर सोडून द्या.

महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२० मध्ये जो साथरोग कायदा लावला तो १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठीच केलेला. तेव्हाही पहिली गोष्ट घडली ती पळापळ. साडेआठ लाखांच्या मुंबईतून जवळजवळ निम्मी माणसं कोकणात, घाटावर निघून गेली. गिरण्यांना माणूस मिळेना. पुण्यात रँडचे सोजीर घरात घुसून झडत्या घेत, सामान जाळत. त्याची परिणती २२ जूनच्या रात्री काय झाली ते शाळेत शिकलोय.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतरावांनी हडपसरला ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथं आणलं. मुलगा वाचला, त्यांना प्लेगनं गाठलं. १० मार्च १८९७ ला गेल्या.

हे सगळ्यांना पाठ असतं, जयंतीच्या भाषणात येतं. मला त्यात एक तपशील महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे जागा. दवाखाना पेठेत नव्हता. जिथून माणूस येऊ शकणार होता, ज्याला पेठेतल्या दवाखान्याच्या पायरीवर कुणी उभं केलं नसतं, त्याच्या बाजूला होता. आणि तो मुलगा स्वतःहून आला नाही, आणावा लागला. जालनारोड यांनी गाडी कुठं लावता येते ते लिहिलंय, त्यावरून हे आठवलं.

तिन्हीसांज | सकाळी ११:४४

__/\__

निवडुंगफूल | दुपारी १२:२०

यादीवरून आठवलं. पाचवा रकानाच भरता येत नाही अशा बायका बुधवार पेठेत होत्या. पत्त्याचा पुरावा म्हणून काय देणार? सप्टेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ओळखीच्या पुराव्याची अट न घालता देहविक्री करणाऱ्या महिलांना कोरडा शिधा द्या, ओळख एड्स नियंत्रणाच्या यंत्रणेकडून पटवा. मग राज्यानं महिना पाच हजार आणि मूल शाळेत असेल तर अडीच हजार जास्तीचे जाहीर केले. कोर्टात जाणाऱ्या संस्था नसत्या तर यातलं काही झालं नसतं. सरळरेषा, हक्कानं पोट भरतं ते असं. सहा महिने उशिरा, पण भरतं.

सरळरेषा | दुपारी १२:३८

सहा महिने मधे कुणीतरी पिशवी दिली म्हणूनच ना? मी एवढंच म्हणतोय.

निवडुंगफूल | दुपारी १२:४१

दिली. मीच देत होते. :)

---

वारसनोंद | रात्री ८:१५

उशिरा आले. मी अकोले-संगमनेर भागात एकल महिलांसोबत काम करते. तुमची वही जूनमध्ये संपते, आमची पुढच्या वर्षी जूनमध्ये सुरू झाली.

दुसऱ्या लाटेत गेलेल्या पुरुषांच्या बायका, बऱ्याच जणी पस्तिशीच्या आतल्या. किट द्यायला पहिल्या महिन्यात सगळे आले. नंतर तेराव्यासारखं झालं, जेवले आणि गेले. त्यानंतरची भांडणं सगळी कागदाची. सुप्रीम कोर्टामुळे प्रत्येक करोना मृत्यूमागे पन्नास हजार मिळायचे ठरले. आता दवाखान्याच्या कागदावर कारण 'न्यूमोनिया' किंवा 'हृदयक्रिया बंद'. चाचणीचा रिपोर्ट दीराच्या मोबाईलमध्ये आणि दीर देत नाही. अर्ज ऑनलाइन, आणि जो आधी भरेल त्याचं खातं. दोन केसमध्ये सासऱ्यानं परस्पर अर्ज केला होता. राज्यानं ऑगस्ट २०२१ मध्ये 'मिशन वात्सल्य' काढलं, तालुका समित्या नेमल्या, सगळ्या योजना एका ठिकाणी आणायच्या म्हणून. जिथं तहसीलदार बैठक घ्यायचा तिथं कामं झाली. जिथं नाही तिथं आम्ही पायऱ्या झिजवल्या.

एक बाई आठवते. तलाठ्याकडे वारस नोंदीला गेलो. त्यानं विचारलं, "मयताचं नातं?" ती म्हणाली, "मालक." त्यानं लिहिलं 'मालक'. मी म्हटलं भाऊसाहेब, नवरा लिहा, नाहीतर उद्या म्हणाल शेतमालक वारला, मजुराचा काय हक्क. तो हसला. ती हसली नाही. तिला खरंच वाटलं होतं की असं होऊ शकतं.

गव्हाण, तुमच्या काकांनी पाचवा रकाना वाढवला ते बरोबर केलं. आमच्या वहीत अकरा आहेत.

गव्हाण | रात्री ८:४०

काका २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. काकूंना कळवतो हे.

वारसनोंद | रात्री ८:४४

त्यांना पन्नास हजार मिळाले का? मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय आहे?

गव्हाण | रात्री ८:५०

विचारलंच नाही कधी. त्यांना गरज नसेल असं धरून चाललो. उद्या जातो.

---

पाटवडी | २६ मार्च, सकाळी १०:०५

काटा_तराजू, तुम्ही आहात तर एक विचारते. आमच्या मावशीचं ई-केवायसी होत नाहीये. भांडी घासून अंगठ्याच्या रेषाच राहिल्या नाहीत, मशीन तीनदा लाल दिवा दाखवतं. दुकानदार म्हणतो गावाला जाऊन करा, कार्ड अंबाजोगाईचं आहे. रजा घेऊन जावं लागेल का तिला? आणि सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर आहे, ते इकडे कसं घ्यायचं?

काटा_तराजू | सकाळी १०:३५

गावाला जायची अजिबात गरज नाही, ताई. ई-केवायसी कुठल्याही दुकानात होतं, तो टाळतोय. अंगठा येत नसेल तर बाकीची बोटं लावून बघा, करंगळीसकट, आधी हात कोमट पाण्यानं धुवून खोबरेल चोळा. तरी नाही झालं तर चेहऱ्यावरून करायचं सरकारी ॲप आलंय, 'मेरा ई-केवायसी'. तुमच्या मोबाईलवर करून द्या. आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा, ओटीपी येतो.

सुनेचं आधी माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागेल, मग इकडे अर्ज. दाखला आणल्याशिवाय इकडे कुणी हात लावणार नाही. आणि दुकानात न्यायचंच असेल तर सकाळी दहाच्या आत न्या, अकरानंतर सर्व्हर बसतो.

पाटवडी | सकाळी १०:४१

आज रविवार नाही ना? मग आत्ताच घेऊन जाते तिला. भांडी राहू देत.